कार्टूनच्या आतला माणूस
ओल्या स्पंजाचा कुबट वास आला की मी अजूनही नाकाला पदर लावते. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि पंडरीच्या बाजारात सारखी नवी दुकानं उघडत होती. टीव्हीवरच्या एका कार्टूनने पोरांना वेड लावलं होतं. आधी मालिका आली, मग सीड्या, मग दप्तरं, आणि त्या मे महिन्यात तर ते कार्टून चक्क चालत आलं. खेळण्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला स्पंजाचा जाड पोशाख घातलेला एक माणूस भर उन्हात पोरांशी हात मिळवत होता. लेकीला घेऊन आम्ही दोघं फोटोच्या रांगेत उभे होतो. अचानक तो डगमगला, गुडघ्यांवर बसला आणि त्या भल्यामोठ्या डोक्याखालून उलटी गळू लागली. "त्याले श्वास घेऊ द्या, डोकं काढा," आमचे हे म्हणाले. दुकानदार आडवा आला. "भैया, यहाँ नहीं, बच्चे डर जाएँगे." शेवटी ह्यांनीच ते ओढून काढलं, तसा घामाने भिजलेल्या स्पंजाचा भपकारा आला. आत पन्नाशीचा माणूस होता, डोळे फिरलेले. ह्यांनी पोशाख उतरवून त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि तो वाचला. इकडे नोकराने ते डोकं फिनाईलच्या फडक्याने पुसलं, पोशाखासकट दुसऱ्या माणसाला घातलं आणि रांग पुढे सरकली. "आई, अपना नंबर आ गया," लेक म्हणाली. तिला काय कळणार, ती पाच वर्षांची होती. मी तिला उचलून रांगेतून बाहेर पडले. रांगेत हसत पुढे सरकलेल्या त्या मोठ्या माणसांची मात्र मला आजही किळस येते.