खरपुडीभोवतीचे दगड

माणसाच्या अंगात मस्ती किती असावी, याला काही मर्यादा? जांबोटीच्या पुढच्या सड्यावर रविवारी जीपगाड्या घेऊन येणारी मंडळी बघितली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वय, रक्तदाब, डॉक्टरांचं सांगणं, सगळं तिथं विसरायला होतं.

त्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या माळावर, खरपुडी उगवते. वीतभर रोप, त्याला इवल्या कंदिलासारखं फूल. असे माळ आता थोडेच उरलेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी पावसाळाभर पंधरवड्यातून एकदा बेळगावजवळच्या पिरनवाडीहून बस धरते, पुढे तासभर चालते, गवतात गुडघे टेकून एकेक रोप मोजते आणि शेजारी सहा इंची पट्टी ठेवून फोटो काढते.

गुराख्यांना हे रोप माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक. त्याचा कंद पोरं खणून खातात. तिथं गुरं राखणाऱ्या एका आक्काला मीच पहिल्या वर्षी बाईंच्या आवाजात बजावलं होतं, "खणायचं नाही. संपत चाललंय ते." तिनं मान डोलावली. नियम आपण ऐकणाऱ्यांनाच सांगतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

यंदा एका रोपाला शेंगांची जोडी धरली. चार वर्षांत पहिल्यांदा! बी पिकेपर्यंत ते टिकायला हवं होतं, एवढंच माझं मागणं. पण हातभर अंतरावरून टायरची ताजी चाकोरी गेलेली. वनखात्याच्या ऑफिसात अर्ज दिला, तर म्हणाले, "कन्नडात आणा." कन्नडात नेला, तर ती जागा त्यांच्याकडं येत नव्हती. शेवटी आक्कानं आणि मी दगड गोळा केले, चुन्यात बुडवले आणि प्रत्येक रोपाच्या दोन्ही बाजूंना एकेक मांडला. पांढरं दिसलं की गाडी वळवतील, एवढी अक्कल त्यांना असेल, असं मी धरून चालले होते.

पुढच्या रविवारी पोचले, तेव्हा तीन जीपगाड्या त्याच दगडांशी खेळत होत्या. दोन दगडांच्या मधून चाक अचूक काढायचं, असा खेळ.

"बाई, दगड तुमी लावलासा व्हय?" एकानं काच खाली करून विचारलं. बेळगावचाच, चांगल्या घरचा दिसत होता. "ट्रॅक लई भारी झालाय बघा!"

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो हसला. "गवातच हाय की ओ," म्हणाला, आणि तिघंही जेवायला निघून गेले. जेवायला!

शेंगांचं रोप चिखलात सपाट झालं होतं. शेंगा फुटलेल्या, आतलं बी हिरवं, कोवळं. मी पट्टी ठेवली आणि फोटो काढला, कारण नोंद अर्धी सोडायची मला सवय नाही.

आक्का गुरं सोडून आली. चाकानं उकरून वर फेकलेला कंद तिनं उचलला आणि पदरानं पुसला.

"तुमी नगो म्हटलासा, आमी ऐकलं. माझी नात रडली तरी दिलं न्हाय मी," ती म्हणाली. "तिनं खाल्लं असतं तर पोटात तरी गेलं असतं की ओ, बाई."