ब्रेकवरचा पाय

सगळा डेपो त्यांना ‘पायलट’ म्हणे. सव्वीस वर्षे बस हाकली, पण मागे बसलेल्या म्हाताऱ्याच्या मानेला कधी हिसका बसला नाही. मागची माणसे ही देवाची ठेव, तिला ओरखडा उमटता कामा नये, हाच त्यांचा नेम, हीच त्यांची उपासना.

मधुमेह जडला, इन्सुलिन सुरू झाले. चार वर्षांपूर्वी भर चौकात अंगाला दरदरून घाम सुटला, हात लटपटले, सिग्नलचा एक दिवा दोन दिसू लागला. रक्तातली साखर एकाएकी उतरली होती. कशीबशी गाडी कडेला घेतली. कंडक्टरने तोंडात साखर घातली, माणसे सुखरूप उतरली. भीती तेवढी उतरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गुपचूप एक व्रत धरले. सकाळचे इन्सुलिन टोचायचे नाही, मोरीत सोडायचे. साखर वर गेली तर जावो, गाडीवर उतरता कामा नये. बायको स्वयंपाकघरातून विचारी, घेतलंत का? हे म्हणत, घेतलं. डॉक्टर मात्रा वाढवीत आणि वाढलेली मात्राही मोरीत जाई. केवढे प्रेम, आणि केवढी आंधळी वाट!

परवा बस थांब्यावर थांबलीच नाही, चार हात पुढे गेली. पाय ब्रेकवर आहे की नाही, हेच त्यांना कळेना. सव्वीस वर्षांत प्रथमच त्यांनी मान खाली घालून स्वतःचा पाय शोधला. थांब्यावरच्या आजीबाई मागे सरल्या म्हणून वाचल्या.

“काय पायलट, थांबा पुढे सरकवलात की काय?” कंडक्टर हसला.

त्यांनी किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

दवाखान्यात बायको शेजारी बसली होती. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक तंतू घेतला, डोळे मिटायला लावले आणि पायाला स्पर्श कळला की सांगा म्हणाले. पायलटांनी सगळा जीव तळपायात गोळा केला. बराच वेळ गेला.

“लागतंय,” ते म्हणाले.

मग बायकोचा आवाज आला, “अहो, त्यांनी अजून लावलंच नाही.”

तेव्हा त्यांनी सारे सांगून टाकले. डॉक्टरांनी तंतू खाली ठेवला. म्हणाले, चार वर्षे चढलेल्या साखरेने पायातल्या नसा बधिर केल्या; त्याच दिवशी सांगितले असते तर मात्रा बदलून दिली असती. गाडीवर बसण्याआधी साखर तपासायची, खिशात साखर बाळगायची, घाम सुटला तर थांबून खायचे आणि साखर सावरल्यावरही पाऊण तास गाडी हलवायची नाही. एवढे पाळून कितीतरी जण सुखरूप गाडी चालवतात.

“आता रोज टोचलं तर पाय परत येईल?”

“उरलेलं सांभाळू. गेलेलं येणं कठीण आहे. बस मात्र आता नाही.”

बायकोने खाली बसून त्यांच्या पायात मोजे चढवले. मान वर न करता म्हणाली, “माणसांसाठी केलंत म्हणता. मी त्यांत नव्हते?”

देवा, निष्ठा खरी होती रे; तिला कुणी डोळे का दिले नाहीत?

जिन्यावर ते पायरीपायरीला थांबले. पाऊल टेकले का ते पाहिले, मगच दुसरे उचलले.