सरपंचाच्या ओट्यावरची शाळा

बाई रागावल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. रागाने बेंबीच्या देठापासून ओरडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. आमच्या बाई मात्र कुजबुजल्यासारखं म्हणायच्या, "हे चालणार नाही." आणि ते खरंच चालायचं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. चोपडा तालुक्यातलं गाव, दोन खोल्यांची पहिली ते चौथी शाळा. त्या मुख्याध्यापिका, मी सहशिक्षक. बस्स, एवढीच शाळा.

एकदा तपासणीला साहेब आले. चित्रावर बोट ठेवून त्यांनी पहिलीतल्या मुलीला विचारलं, "हे काय आहे?"

"गाय शे."

'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' ऐकून साहेब खो खो हसले. मुलगी रडवेली झाली.

"साहेब, उत्तर बरोबर आहे," बाई हळूच म्हणाल्या. "ती गायच आहे. हसण्यासारखं काय आहे?"

तपासणी लवकर आटोपली.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तर मोठ्या खोलीत छतापर्यंत कापूस. सरपंचांचा. भाव वाढेपर्यंत ठेवलेला. फळा, पेटी, तक्ते, सगळं आत गाडलेलं.

"चार दिनना सवाल शे, बाई," सरपंच पटांगणातल्या कडुनिंबाकडे हात करत म्हणाले. "निमखाले बसतीन पोरे."

"आबा, हे चालणार नाही."

ते हसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी चारही वर्गांची रांग केली आणि थेट सरपंचांच्या ओट्यावर नेली. मी मागून लहान खोलीतला फळा घेऊन. भिंतीला फळा टेकवून त्यांनी मुळाक्षरं सुरू केली.

सरपंचांची आई दारात आली. पोरांकडे बघत म्हणाली, "बाई, बसाड आठे. पन त्या वस्तीना पोरेसले खाले बसाड."

वस्ती म्हणजे बौद्धवस्ती. वस्तीतली दोघं तर उठलीसुद्धा. त्यांना उठायची सवय होती, हे पाहून माझं डोकं भणाणलं.

"बसा रे," बाई म्हणाल्या. मग म्हातारीकडे वळून, अगदी हळू, "अक्का, मग आधी मला खाली बसवावं लागेल. मी धुळ्याची असले तरी तशाच वस्तीतली आहे. आणि मी खाली बसणार नाही."

म्हातारी आत गेली. बाईंच्या हातातला खडू तुटला होता. तुकड्यानेच त्यांनी पुढचं अक्षर काढलं.

आठवडाभर शाळा ओट्यावर भरली. येणारेजाणारे थांबून बघू लागले, पाहुणे विचारू लागले, तेव्हा सरपंचांनी खोली रिकामी केली.

आम्ही जिंकलो, असं मला वाटलं. पुढच्याच महिन्यात गावाने अर्ज दिला: बाई गावात भांडणं लावतात. ज्यांची पोरं त्यांनी वाचती केली, त्यांचेही अंगठे त्यावर होते. भर सत्रात बदलीचा हुकूम आला, पार सातपुड्यातल्या एका पाड्यावर. जाब विचारायला मी घरोघरी फिरलो. "आम्ही काय करणार, गुरुजी?" एवढंच ऐकून परत आलो.

त्याच लोकांनी निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, सरपंचांचं भाषण. आजही आठवलं की अंगाची लाहीलाही होते.

बाई समारंभाला आल्याच नाहीत. मीही गेलो नाही. त्यांची ट्रंक घेऊन फाट्यावर गेलो. एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"पहिलीचं 'ढ'पर्यंत झालंय. 'ण' अवघड जातो पोरांना, घाई करू नका. आणि हे लोक वस्तीतल्या पोरांची रांग वेगळी करायला सांगतील, करू नका."

एसटी गेली. मी परतलो तेव्हा शाळेच्या पटांगणात सरपंच बाईंचे गुण सांगत होते आणि गाव टाळ्या वाजवत होतं. मी पहिलीच्या पोरांना पुढच्या सतरंजीवरून उठवलं, वर्गात नेलं, दार लावून घेतलं आणि फळ्यावर 'ण' काढला.