दोरीमामांचा पाम

पडदा वर जातो, तेव्हा समोर एक बैठं घर आहे. फाटकाच्या उजव्या हाताला पामचं छातीइतकं उंच, दाट झुडूप: एका मुळावर चौदा खोडं, पंख्यासारखी पानं. शेजारी पालथ्या बादलीवर दोरीमामा बसलेले. बाहेर सामानाने भरलेला टेम्पो.

दोरीमामांनी आमच्या नाटक कंपनीत एकोणचाळीस वर्षं पडदा ओढला. तिसरी घंटा झाली की एकच हिसका, आणि पडदा सरसर वर! मला ते राणीसरकार म्हणत. मी राण्याच करायचे आणि चहा मात्र त्यांच्या कपातला प्यायचे.

पाम मामींनी लावलेला. कडाक्याच्या थंडीत शेजारपाजारची झाडं करपून जायची, याचं पानही वाकडं व्हायचं नाही. वाढ मात्र वर्षाला वीतभरसुद्धा नाही.

"तुझ्यासारखाच आहे. बुटका आणि हट्टी," मामा चिडवायचे.

"बुटका असेल, पण गोतावळा बघा त्याचा!" मामी बुडाशी आलेली पिलं दाखवायच्या.

मामी गेल्या त्या वर्षीही दोन पिलं आली.

पुढे मामांचे गुडघे गेले, मुलगा न्यायला आला, घर विकलं. नव्या मालकाला झुडपाच्या जागी गाडी उभी करायची होती. मामांचं मागणं एवढंच, की मामींच्या झाडाचं एक पिलू सोबत न्यायचं आणि जगवायचं.

रोपवाटिकेतल्या बाईंना विचारून मी त्यांना निघायच्या सहा महिने आधीच सांगितलं होतं, "फावड्याने पिलू मोठ्या झाडापासून तोडा, पण जागचं हलवू नका. स्वतःची मुळं धरली की मगच उचला." मामा दरवेळी हो म्हणायचे. फावडं आणलंसुद्धा.

"पण तिच्या झाडात पातं घालवत नाही गं," म्हणायचे. करता करता निघायचा दिवस उजाडला.

"आता तरी खोदून घ्या, मामा. मातीच्या गोळ्यासकट."

मामा वाकले. पिलू दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. एक. दोन. तिसऱ्याला मामांनी हिसका दिला.

पिलू हातात आलं. बुडाशी पांढरी जखम, मूळ एकही नाही.

"आलं की!" माझ्याकडे न बघता मामा ते ओल्या फडक्यात गुंडाळू लागले.

"छान आलं, मामा," मी म्हटलं. आयुष्यात इतका वाईट अभिनय मी कधी केला नव्हता.

मुलाच्या गॅलरीत पिलू कुंडीत लागलं. मामांचा दर रविवारी फोन, "हिरवंगार आहे, राणीसरकार!" पाम मेला तरी त्याची पानं कितीतरी दिवस हिरवी राहतात, हे रोपवाटिकेतल्या बाईंनी मला सांगितलं होतं. मी ते मामांपर्यंत जाऊ दिलं नाही.

अडीच महिन्यांनी एका दुपारी फोन आला. आवाज खाली गेलेला.

"मधला कोंब अलगद हातात आला गं. आतून कुजलाय."

एवढ्यात पलीकडून सुनेचा आवाज आला, "बाबा, आईंच्या झाडाला पाणी घातलं हो!"

त्या आठवड्यातच मामा गेले. फोन ठेवण्याआधी ते हळूच जे बोलले, तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं:

"तिला सांगू नकोस हं. फार मायेने घालते पोर."