मामाजींच्या अंगातली सूज

माझे सासरे शेलूबाजारहून वाशीमला तीस वर्षं जीप चालवायचे. आम्ही सुना त्यांना मामाजी म्हणतो. मागच्या वर्षी ते विसरायला लागले. एकदा अर्धीच दाढी करून लग्नाला निघाले. एकदा शेजारच्या घरात शिरून जेवायला बसले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून तिथल्या बाईवर रागावले. तिने मीठ आणून दिलं, पोटभर वाढलं आणि मग मला बोलावलं.

वाशीमच्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. मामाजींनी गोल काढला, आत स्टेअरिंगच्या तीन दांड्या आणि मधोमध हॉर्न काढला. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये सूज दाखवणारा आकडा चांगलाच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी समजावलं, की या आकड्यावरून विसरण्याचा आजार आहे की नाही ते ठरत नाही. पण अंगात कुठेतरी सूज आहे आणि म्हातारपणी तिच्यानं डोकं जास्तच गोंधळतं, तेव्हा आधी ती शोधू. छाती, लघवी सगळं तपासलं. काही सापडलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी शोध स्वतःच्या हातात घेतला. मामाजींना खाटेवर बसवून पाय दाबले, गुडघे चाचपले. बघायला आलेल्या एका बाईला त्यांचं नाक सुजल्यासारखं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, ते लग्नापासून तसंच आहे.

दोन दिवसांनी मी फुटाणे भाजले. मामाजींचा जीव फुटाण्यांवर. पण त्यांनी ते गुपचूप खिशात टाकले आणि जाऊन बकरीला घातले. भाकरीचे काठही तिलाच जात होते, हे तेव्हा कळलं. बकरी अंगानं कशी सुटली म्हणून आम्ही महिनाभर कौतुक करत होतो.

सासूबाईंनी मोबाईलची बॅटरी लावून त्यांचं तोंड उघडायला लावलं. खालची शेवटची दाढ किडून हिरडी टरारली होती.

"दाढ दुखून राह्यली, तं सांगतलं काहून नाही?"

मामाजींनी जरा विचार केला.

"इसरलो," ते म्हणाले.

ते खरंच विसरले होते, की दातांच्या डॉक्टरला भ्याले होते, हे आम्हाला आजवर ठरवता आलेलं नाही. सासूबाई मात्र पदराआड इतक्या हसल्या, की त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

दाढ काढली, औषधं झाली, पुढच्या तपासणीत आकडा उतरला. मामाजी पुष्कळ हुशारले, पूर्ण दाढी करू लागले. विसरणं मात्र सगळं गेलं नाही. पुढच्या तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. घरी परतताना मामाजी जीपवाल्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत होते, आणि ते बरोबर होतं.

काढलेली दाढ त्यांनी हट्टानं कागदात बांधून घरी आणली होती. ती कुठे ठेवली ते त्यांना आठवत नाही. म्हणून तूरडाळ मी आता दोनदा निवडते.