पनवेलला दोन दिवस, हात मागे बांधून

पनवेलला कोणी फिरायला जात नाही, पनवेलवरून जातात. मीही मुंबईला, ठाण्याला, लग्नांना, बारशांना पनवेलवरून गेले आहे, पण उतरले कधीच नव्हते. या वेळी उतरले, कारण कॉलेजचं पत्र आलं.

मी चिपळूणला फिजिओथेरपिस्ट आहे. चौदा वर्षं झाली, माझ्याकडे बहुतेक खेळाडूच येतात. कबड्डीच्या मोसमात तर दवाखान्यात घोटे, गुडघे आणि खांदे यांशिवाय काही दिसत नाही. कॉलेजमधून एकेक इंटर्न माझ्याकडे शिकायला येतो. अशा मुलांना प्रत्यक्ष पेशंटवर काम शिकवणाऱ्याला कॉलेजवाले प्रीसेप्टर म्हणतात. पत्रात लिहिलं होतं की सर्व प्रीसेप्टरांनी पनवेलला दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं, नाहीतर यापुढे मुलं पाठवणार नाही. म्हणजे चौदा वर्षांनी मला शिकवायचं कसं ते शिकवणार! नवरा म्हणाला, "जा, जरा हवापालट होईल." पनवेलची हवा त्याने बहुतेक कधी घेतलेली नाही.

निघताना बॅगेत ऋतुजाचा फॉर्म टाकला. ऋतुजा माझी आत्ताची इंटर्न. आठ आठवडे संपत आले होते आणि सोमवारी तिचा फॉर्म भरून द्यायचा होता. शेवटची ओळ अशी: 'स्वतंत्रपणे काम करण्यास योग्य / अयोग्य'. मी अयोग्यवर पेन्सिलने खूण करून ठेवली होती. मुलगी गप्प, हात घाबरलेले, प्रत्येक गोष्टीला माझ्या तोंडाकडे बघणार. तिला पुण्याच्या एका कबड्डी अकादमीत नोकरी मिळाली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. अयोग्य लिहिलं तर ती नोकरी जाणार, हे मला माहीत होतं. वाईट वाटत होतं, पण माझ्या मते माझा इलाज नव्हता.

चिपळूणहून सकाळची एसटी धरा. बायकांना तिकीट अर्धं पडतं. वेळ पाच तास सांगतात, तुम्ही सहा धरा, माणगावच्या कोंडीत सात धरा. रस्ता पूर्वीपेक्षा बरा आहे, पण जिथे बरा नाही तिथे मणके मोजून घ्यावेत. पेणला चहा प्या, वडखळला वडापाव खा, उलट केलंत तरी चालेल. पनवेलच्या स्टँडवर रिक्षावाले आधी हिंदीत बोलतात. मराठीत उत्तर दिलं की लगेच "कुठं जायचंय ताई?" होतं. मी स्टँडजवळच लॉज घेतला. खोली स्वच्छ, पंखा जोरात, खिडकीतून रात्रभर ट्रेलरचे हॉर्न. हलकी झोप असेल तर जुन्या पनवेलात तळ्याच्या बाजूला खोली बघा.

प्रशिक्षण देणाऱ्या शहनाज मॅडम पनवेलच्याच. साठीच्या, केस मेंदीने लाल, आवाज मऊ. आम्ही बाराजण होतो, सगळे आपापल्या गावात स्वतःला मोठे समजणारे. सकाळी त्यांनी एक साधा खेळ लावला. एकाने पेशंट व्हायचं, कॉलेजच्या विद्यार्थ्याने त्याचा गुडघा तपासायचा, आपण प्रीसेप्टर म्हणून शेजारी उभं राहायचं. साताऱ्याच्या कदम सरांनी कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघायचं आणि मी विद्यार्थ्याच्या कामात हात किंवा तोंड घातलं की कागदावर एक रेघ मारायची.

दहा मिनिटांत अकरा रेघा झाल्या.

"ताई, बारावी पण होती," कदम सर म्हणाले, "पण तुम्ही फक्त पोराचं कोपर सरळ केलंत, म्हणून सोडली." सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. नंतर कदम सरांच्या चौदा रेघा झाल्या, तेव्हा जरा बरं वाटलं.

जेवणानंतर मॅडमनी कोरे कागद वाटले. "तुमच्या इंटर्नने सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तुमचा हात न लागता पूर्ण केलेलं एक काम लिहा. एकच. मग चहा."

मी पेन घेऊन बसले. ऋतुजाने रुग्णाचा इतिहास घेतला होता, पण तिसऱ्या प्रश्नाला मी मध्ये पडले होते. टेपिंग, म्हणजे सांध्याला आधाराची चिकटपट्टी लावणं, केलं होतं, पण पट्टीला सुरकुती दिसली म्हणून मी रोल काढून घेतला. व्यायाम शिकवायला उभी राहिली, तर पेशंट ओळखीचा म्हणून मीच बोलत सुटले. आठ आठवड्यांत तिने पूर्ण केलेलं काम शोधताना मला दोनच गोष्टी आठवल्या, शेकायच्या पिशव्या गरम करणं आणि टॉवेलच्या घड्या घालणं. मी ते लिहिलं नाही. कागद कोराच दिला. मॅडमनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "फिक्र मत करो. आज सात कागद कोरेच आलेत."

मला फिकीर वाटत होती. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी जुन्या पनवेलात एका खानावळीत मासे खाल्ले. बोंबील कुरकुरीत, तांदळाची भाकरी मऊ, सोलकढी थोडी पातळ. थाळी आमच्या चिपळूणपेक्षा महाग, पण वाढणाऱ्या मावशींनी भाकरी आग्रहाने दिली. "अजून घ्या, तुमी काय खाल्लंच नाय," म्हणाल्या. मी खरंच काही खाल्लं नव्हतं.

दुसरा दिवस मैदानावर होता. पनवेलपासून कोन गावापर्यंत कॉलेजच्या बसने गेलो. रस्त्यावर कंटेनरच्या रांगा, शेतांच्या जागी इमारती, आणि मध्येच पाणी मारून, रोलर फिरवून गुळगुळीत केलेलं मातीचं कबड्डीचं मैदान. आजूबाजूच्या गावांचे संघ आले होते. माझ्या जोडीला श्रावणी नावाची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी दिली. मॅडमनी नियम सांगितला, "खेळाडूला धोका असेल तर लगेच मध्ये पडा. काम फक्त दिसायला वाईट असेल तर हात मागे आणि तोंड बंद."

श्रावणीने पहिल्या घोट्याला टेप लावला तो इतका वेडावाकडा होता की माझ्या बोटांना खाज सुटली. मी पाठीमागे स्वतःचंच मनगट घट्ट धरून ठेवलं. तिने खेळाडूला दोन उड्या मारायला लावल्या, टेप सुटला, ती "ओह, अँगल चुकला" म्हणाली आणि स्वतःच पुन्हा लावला. दुसऱ्यांदा चांगला लागला. एवढ्यासाठी मी चौदा वर्षं मुलांच्या हातातून रोल ओढत होते.

दुपारच्या सामन्यात एक चढाईपटू पकडीतून सुटताना पडला आणि डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. उठला, हसला, चालू लागला. श्रावणीने त्याला बाहेर बोलावलं. कोणाविरुद्ध खेळतोयस, गुण किती झाले, मगाशी कोण बाद झालं, असं डोक्याला मार लागल्यावर विचारतात ते विचारलं. गुण त्याने बरोबर सांगितले. समोरच्या संघाचं नाव मात्र त्याला आठवेना. श्रावणी थबकली. तिने जाऊ दिलं असतं तर मी झेप घेतली असती, पण ती अजून विचार करत होती.

तेवढ्यात कर्णधार आला. "बाय, त्याला काय नाय झालं. आमी रोज पडतो. सोड त्याला."

"नाही दादा, तो आज खेळणार नाही," ती म्हणाली, पण आवाज कापत होता.

"तू कोन ठरवनार?" तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी मोठ्या हाव. तुमी सांगा."

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या एका वाक्याने विषय संपला असता, आणि श्रावणीही तिथेच संपली असती. "त्याला तिने तपासलंय," मी म्हटलं. "ती म्हणेल तसंच."

श्रावणीने श्वास घेतला. "तो आज खेळणार नाही. सोबत कोणीतरी द्या, आत्ता हॉस्पिटलला पाठवायचंय." या वेळी आवाज कापला नाही. कर्णधाराने पाय आपटला, पण माणूस दिला. त्याचा संघ दोन गुणांनी हरला आणि त्याने जाताना आमच्याकडे पाहिलंही नाही. खेळाडूचं स्कॅन चांगलं आल्याचा निरोप संध्याकाळी आला.

परतीच्या एसटीत ऋतुजाचा फॉर्म काढून बसले. आता योग्य लिहिणं सोपं होतं. पोरीला नोकरी, मला सुटका. पण अशाच एखाद्या मैदानावर तिच्यावर कोणी कर्णधार ओरडला तर? मी तिला एकदाही एकटीने काही करू दिलेलं नव्हतं. ती योग्य आहे की नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. महाड येईपर्यंत मी दोन्ही शब्द खोडले आणि खाली लिहिलं: 'आठ आठवड्यांत मी हिला काम करू दिलं नाही. त्यामुळे मूल्यमापन करता येत नाही. दोष माझा.'

सोमवारी कॉलेजने तिचे चार आठवडे वाढवले. अकादमीला मी स्वतः फोन करून खरं ते सांगितलं. ते "बघतो" म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी दुसरा उमेदवार घेतला.

ऋतुजाला समोर बसवून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चूक तुमची, आणि नोकरी माझी गेली."

"हो," मी म्हटलं. माफी मागितली, ती तिने घेतली नाही. बॅग उचलून गेली.

पनवेल बघण्यासारखं आहे का, असं कोणी विचारलं तर मासे खा, तळ्याकाठी बसा आणि पहाटे निघा, एवढंच सांगेन. माझ्यासोबत काय आलं म्हणाल, तर कागदावरच्या अकरा रेघा. आणि एका मुलीची गेलेली नोकरी, जी मला फॉर्म भरताना नाही, तर त्याआधीच्या आठ आठवड्यांत वाचवता आली असती.

बुधवारी ऋतुजा आली. तोंड फुगलेलंच होतं. पहिला पेशंट शाळेतला व्हॉलीबॉल खेळणारा होता, आईबरोबर आलेला. "मॅडम, तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. "लागलं तर बोलावते." मी माझ्याच दवाखान्याच्या बाकावर, पेशंटांच्या ओळीत बसले. दार उघडं होतं. मला जे बारा मिनिटांत होतं त्याला पंचवीस मिनिटं झाली. शेजारचे आजोबा म्हणाले, "डॉक्टर, तुमचा नंबर कितवा?"

मग आतून आवाज आला, "मॅडम, ही एक टेस्ट मला नीट जमत नाहीये. एकदा दाखवाल का? मग मीच करते."

आठ आठवड्यांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.