वेणूबाईंचे दुखरे पाय

धारवाडला मळमड्डीत वेणूबाई बायकांचा शिवणवर्ग चालवायच्या. धाकटी मुलगी झाल्यानंतर त्यांचे पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड होत गेले. पावलं मात्र होती तशीच नाजूक राहिली. मांडीला टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी काळंनिळं पडायचं. संध्याकाळी पायमशीन चालवणं नको व्हायचं.

गावातल्या एका डॉक्टरांनी भात सोडायला सांगितलं. त्यांनी सोडला. गाल बसले, झंपर सैल झाले, पाय तसेच. दुसऱ्यांनी हत्तीरोग म्हणून गोळ्या दिल्या. ते वर्गात कळलं आणि काही बायका यायच्या बंद झाल्या. वेणूबाईंनी कुणाला जाब विचारला नाही. लग्नकार्याला जाणं तेवढं सोडलं.

त्यांची भाची स्मृती बेंगळूरला नर्स होती. २००६ साली ती त्यांना तिथल्या एका प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेली. त्या बाईंनी पाय हलकेच दाबून पाहिला आणि कानडीत विचारलं, "नोवु इदेया, अक्का?"

दुखतं का, असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "भाळ नोय्ताव्री," फार दुखतात हो, असं वेणूबाईंनी सांगितलं.

आजाराचं नाव लिपेडिमा. ही चरबी उपासानं हटत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बारीक नळ्यांनी ती काढता येते. दुखणं कमी होईल, पण मुळासकट जाईल असं नाही.

घरी यशवंतराव, त्यांचे यजमान, म्हणाले, "आता पन्नाशीत कुणाला दाखवायचंय?"

"दाखवायचं कुणाला? मला जिना चढायचाय," वेणूबाई म्हणाल्या. यशवंतराव बेंगळूरला सोबत गेले.

शस्त्रक्रिया दोन वेळा झाली, मधे काही महिने सोडून. पहिल्या खेपेला सूज इतकी आली की आपण चूक केली, असं वेणूबाईंना वाटलं. दुसऱ्या खेपेला काय होणार ते ठाऊक होतं. घट्ट मोजे उन्हाळ्यातही घालावे लागले. रोज सकाळी ते चढवताना यशवंतराव टाचेकडून ओढू लागायचे. दोघंही घामाघूम व्हायचे.

पाय बारीक झाले, पण अगदी सडपातळ नाही. डावा गुडघा आजही कुरकुरतो. मांडीला हात लागला तर आता त्या दचकत नाहीत. पुढच्या वर्षी त्या बसनं एकट्या हुबळीला, केशवापुरात बहिणीकडे गेल्या. बहिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात एकदा थांबल्या, मग वर गेल्या.